केराच्या ढिगाचे पाणी

रोज सकाळी प्रत्येक घरातून केर निघतो. चुलीतली राख, भाजीची देठे, उष्टे-खरकटे, फाटकी चिंधी, औषधांची पाकिटे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काय काय असते त्यात! घंटागाडी येते आणि केर घेऊन जाते. आपण म्हणतो, "झालं, घर लख्ख झालं." पण केर गेला कोठे? आणि तेथे जाऊन तो काय करतो? तेच आज आपण पाहू या.

कोल्हापूर शहराचेच उदाहरण घेऊ. २०११ सालच्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ५ लाख ४९ हजार भरली. एवढ्या वस्तीचा केर रोज दीडशे टनांहून अधिक निघतो. एका बैलगाडीत एक टन माल मावतो असे धरले, तर रोज दीडशे गाड्यांची रांग लागेल. हा केर वर्षानुवर्षे कसबा बावड्याला, लाईन बाजारजवळ नेऊन टाकला गेला. त्या जागेला लोक 'झूम प्रकल्प' म्हणून ओळखतात. तेथे केराचे डोंगर उभे राहिले. पुढे जुना केर उपसून, चाळून वेगळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले.

ढिगाची घाण नाकाला कळते. धूर डोळ्याला कळतो. पण ढिगाखालून पाझरणारे पाणी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण त्याला पाझरपाणी म्हणू. सरकारी कागदात त्याला 'लीचेट' असे नाव असते.

कसबा बावड्याच्या कडेने पंचगंगा वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. शिरोली, रुकडी, इचलकरंजी अशी गावे घेत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नदीकाठी वरच्या गावाने टाकलेला केर हा खालच्या गावाच्या घागरीचा प्रश्न असतो. म्हणून हा विषय शहरवाल्यांचा, आपला नव्हे, असे समजू नये.

ढिगात पाणी येते कोठून?

चहाच्या गाळणीत पत्ती ठेवा आणि वरून पाणी ओता. खाली काय येते? पाणी येते, पण ते पाणी राहत नाही. पत्तीचा रंग, वास आणि कडवटपणा घेऊन ते खाली उतरते. केराच्या ढिगावर पाऊस पडतो तेव्हा हेच होते.

कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे ४० इंच पाऊस पडतो. एक एकर जागेवर एवढा पाऊस पडला तर ते सुमारे ४० लाख लिटर पाणी झाले. त्यातले काही वाफ होऊन जाते, काही वरच्यावर वाहून जाते. उरलेले ढिगात मुरते. शिवाय भाजीपाला आणि खरकटे कुजते, त्याचाही रस सुटतो. ही सगळी मिळकत तळाशी जमते. रंग काळा-तपकिरी आणि वास असा, की जवळ उभे राहवत नाही.

"उकिरड्याखालूनही असंच पाणी येतंय की. त्यानं कुणाचं काय बिघडलंय?" असे कोणी विचारील. प्रश्न बरोबर आहे. पण उकिरड्यात शेण, पाचट आणि वैरणीची चिपाडे असतात. शहराच्या ढिगात रंगाचे डबे, बॅटऱ्या, उवांचे औषध, कीटकनाशकाच्या बाटल्या, उरलेल्या गोळ्या आणि प्लॅस्टिकही असते. शिवाय उकिरड्याचे पाणीसुद्धा शहाणा शेतकरी विहिरीत उतरू देत नाही. मग या ढिगाचे पाणी कसे उतरू द्यावे?

'सेंद्रिय' म्हणजे चांगलेच, असे नव्हे

या पाण्यात दोन तऱ्हेची घाण असते. एक क्षार आणि धातूंची. दुसरी सेंद्रिय. आज आपण दुसरीकडे नीट पाहू, कारण तिच्यात फसगत फार होते.

आपल्याला सेंद्रिय खत ठाऊक आहे, सेंद्रिय गूळ ठाऊक आहे. त्यामुळे सेंद्रिय म्हटले की चांगले, असे वाटते. पण शास्त्राच्या भाषेत सेंद्रिय म्हणजे ज्याचा सांगाडा कार्बनचा आहे ते. कार्बन म्हणजे कोळशात असते तेच मूळ द्रव्य. शेण सेंद्रिय आणि साखर सेंद्रिय. त्याच हिशोबाने रॉकेल, रंगात मिसळायचे टर्पेंटाइन, प्लॅस्टिक आणि पुष्कळशी कीटकनाशके हीसुद्धा सेंद्रियच! म्हणून नावावर जाऊ नये. खरा प्रश्न एवढाच, की जंतूंना ते खाता येते की नाही?

ज्याला जंतू खातात ते कुजते आणि संपते. खरकट्यापासून होणारी आम्ले अशी असतात. व्हिनेगरमध्ये असते ते आंबट आम्ल त्यांतलेच एक. याला आपण 'कुजणारी घाण' म्हणू.

ज्याला जंतू शिवत नाहीत, किंवा फार सावकाश खातात, ती 'टिकाऊ घाण'. हिच्यात अनेक मंडळी आहेत. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घालतात ती तेलकट द्रव्ये, त्यांना थॅलेट म्हणतात. काही कीटकनाशके आहेत. औषधी गोळ्यांचे अंश आहेत. तव्याला अन्न चिकटू नये, कापड भिजू नये म्हणून वापरतात त्यांपैकी काही फ्लोरिनयुक्त द्रव्ये आहेत. ही शेवटची इतकी चिवट, की पिढ्या गेल्या तरी ती मोडत नाहीत. त्यांचे प्रमाण पाण्यात फार थोडे असते. पण ती साठत जातात, आणि त्यांतील काही थोड्या प्रमाणातही शरीराला बाधतात.

ताजा ढीग आणि जुना ढीग

ताज्या ढिगाच्या पाण्यात कुजणारी घाण फार. ती नदीत गेली की नदीतले जंतू तिच्यावर तुटून पडतात. खाताना त्यांना प्राणवायू लागतो. तो ते पाण्यातूनच घेतात. मग माशांना काय उरणार?

याचा हिशोब करता येतो. आपल्याकडच्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ताज्या ढिगाच्या एक लिटर पाण्यातली घाण कुजायला १०,००० मिलिग्रॅम प्राणवायूही लागू शकतो. दहा हजाराला आठाने भागा. उत्तर येते १,२५०. म्हणजे पाझरपाण्याचा एक लिटर साडेबाराशे लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतो! एक तांब्या घाण आणि एक लहान हौद मेला, असा हा व्यवहार आहे.

वर्षे जातात तसा ढीग म्हातारा होतो. आतले जंतू आम्ले खातात आणि त्यांचा वायू करतात. गोबरगॅसमध्ये असतो तोच हा वायू, म्हणून जुने ढीग पेट घेतात. पाण्याचा वास कमी होतो. रंग चहासारखा राहतो. बघणारा म्हणतो, "आता पाणी निवळलं की!" पण खाण्याजोगे होते ते जंतूंनी खाल्ले, न खाण्याजोगे मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. मोजणीत असे दिसते, की ताज्या पाण्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त सेंद्रिय घाण कुजण्याजोगी असते. फार जुन्या पाण्यात शंभर भागांत दहा भागही कुजण्याजोगे राहत नाहीत.

पाणी शुद्ध करतात कसे?

आपल्या भागात गुऱ्हाळ सर्वांनी पाहिले आहे. काईलीत रस उकळतो, गुळव्या त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतो. मळी वर येते, तो ती झाऱ्याने काढून टाकतो. पाणी शुद्ध करण्याची एक रीत अशीच आहे. तुरटीसारखी औषधे घालतात, तरंगती घाण एकमेकीला चिकटते आणि तळाशी बसते. पण ध्यानात ठेवा, मळी निघते, साखर रसातच राहते! जे पाण्यात विरघळले आहे त्यातले पुष्कळसे या रीतीने निघत नाही.

दुसरी रीत जंतूंची. मोठ्या टाक्यांत हवा खेळवतात, जंतू वाढवतात आणि त्यांना घाण खाऊ घालतात. शहराचे सांडपाणी असेच शुद्ध करतात. कोल्हापूरच्या सांडपाण्यासाठी कसबा बावड्याला असे केंद्र बांधले आहे. रोज ७ कोटी ६० लाख लिटर पाण्यासाठी त्याची बांधणी आहे. ताज्या पाझरपाण्यावर ही रीत उत्तम चालते. कुजणारी घाण शंभरातली नव्वद भागही जाते. पण जुन्या पाण्यावर ती अडते. जंतूंना जे आवडत नाही ते त्यांना किती वाढले तरी ते खात नाहीत.

तिसरी रीत कोळशाची. नारळाच्या करवंटीपासून खास कोळसा करतात. त्याला लाखो बारीक छिद्रे असतात. टिकाऊ घाण त्या छिद्रांत अडकते. पण छिद्रे भरली की कोळसा थकतो. तो वेळेवर बदलला नाही तर घाण सरळ पुढे जाते.

चौथी रीत घाणीचे तुकडे करण्याची. ओझोन नावाचा तीव्र वायू सोडतात, नाहीतर लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. मोठे चिवट कण फुटतात. त्यांचे लहान तुकडे मग जंतू खाऊ शकतात. रीत चांगली, पण खर्चिक.

पाचवी रीत अतिबारीक पडद्याची. घरी पाण्याचे यंत्र असते त्याचा हा थोरला भाऊ. दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलतात. अलीकडे स्वच्छ पाणी येते आणि पलीकडे दाट घाण राहते.

गेले म्हणजे संपले का?

येथेच खरी मेख आहे. शुद्ध झालेल्या पाण्यात एखादी गोष्ट सापडली नाही, म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. घरातला केर कोपऱ्यातून पलंगाखाली लोटला तर घर स्वच्छ झाले का? तसेच हेही विचारले पाहिजे.

पाण्यात हवा खेळवली की बेंझिन, टोल्युइन अशी उडती द्रव्ये हवेत जातात. ती पाण्यातून गेली, पण श्वासात आली. थॅलेटसारखी तेलकट द्रव्ये टाकीतल्या गाळाला चिकटतात. पाणी निवळते आणि गाळ विषारी होतो. तोच गाळ खत म्हणून उसाला घातला तर? पडद्याच्या यंत्रात शंभर लिटरांमागे वीस-पंचवीस लिटर दाट पाणी मागे राहू शकते. ते पुन्हा ढिगावरच ओतले तर? फिरून तेच पाणी खाली येणार.

फ्लोरिनयुक्त द्रव्यांची तर आणखी तऱ्हा. जंतूंच्या टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्यात ती आधीपेक्षा जास्त सापडल्याचे परदेशातील तपासण्यांत दिसून आले आहे. हे कसे? त्या द्रव्यांची मोठी भावंडे पाण्यात आधीपासून असतात. तपासणीत ती मोजली जात नाहीत. जंतू त्यांना अर्धवट कुरतडतात आणि त्यांचेच रूप पालटून मोजणीत येणारी चिवट द्रव्ये तयार होतात.

म्हणून पाणी शुद्ध केले असे कोणी सांगितले, तर एक प्रश्न विचारावा: "घाण मोडली, की नुसती हलवली?"

हे कागदावरही कळू शकते. २०१६ साली केंद्र सरकारने केराविषयी नियम केले. त्यांत नदीत सोडायच्या पाझरपाण्यासाठी दोन आकडे दिले होते. कुजणारी घाण दर लिटरला ३० मिलिग्रॅम प्राणवायू मागेल एवढीच असावी. आणि कुजणारी-न कुजणारी मिळून बहुतेक सगळी सेंद्रिय घाण २५० मिलिग्रॅमपर्यंत असावी. पहिल्या आकड्याला बीओडी म्हणतात, दुसऱ्याला सीओडी. आता तुम्हाला वाचता येते. पहिला आकडा कमी आणि दुसरा फार मोठा दिसला, तर समजावे, की टिकाऊ घाण तशीच आहे.

जमिनीखालची वाट

ढिगाखाली नुसती जमीन असेल तर पाणी खाली उतरते. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि खाली काळा खडक. खडक घट्ट दिसतो, पण त्याला भेगा असतात. त्याच भेगांतून आपल्या विहिरीला झरे लागतात. झऱ्याची वाट तीच घाणीची वाट.

म्हणून त्या नियमांत लिहिले होते, की केर पुरायच्या जागेच्या तळाला ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर द्यावा आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा अंथरावा. पडद्यावर जमलेले पाणी नळ्यांनी गोळा करून शुद्ध करावे. जागा नदीपासून १०० मीटर आणि तळ्यापासून, वस्तीपासून व पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी. पूर येतो ती जागा तर नकोच. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने काय केले ते आपण विसरलो नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची खूण ४३ फुटांची आहे. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. असे पाणी केराला लागले तर महिन्यांची झिरप एका रात्रीत वाहून जाते.

गावाने काय करावे?

यंत्रे शहराने उभारावीत, हे खरे. पण पाझरपाण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय गावाच्या हातात आहे. जे पाण्यात गेल्यावर काढणे कठीण, ते ढिगात जाऊच देऊ नये.

ओला केर वेगळा ठेवा आणि त्याचे खत करा. ओले नाही तर आम्ल नाही, आम्ल नाही तर ढिगातला रस निम्मा आटला. शिवाय खत आपल्याच रानाला मिळते.

औषधाच्या गोळ्या, बॅटऱ्या, रंगाचे डबे, बल्ब आणि नळ्या हे वेगळ्या डब्यात ठेवा. गाडीवाल्याला सांगून वेगळे द्या. कीटकनाशकाची बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा आणि विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच ओता. बाटलीला भोके पाडा. तिच्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरू नका. ती ओढ्यात तर मुळीच टाकू नका.

"त्यापेक्षा सगळं पेटवून द्यावं," असे काही जण म्हणतात. तसे करू नये. प्लॅस्टिक उघड्यावर जळताना डायॉक्सिनसारखी जालीम विषे तयार होतात. शिवाय राख राहतेच, आणि पहिल्या पावसात तीही पाझरते.

पाणी उकळले तर? उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून संशयाचे पाणी उकळूनच प्यावे. पण काकवी आटवली तर गोडी जाते का? उलट दाट होते. तसेच क्षारांचे आणि टिकाऊ रसायनांचे आहे. ज्या विहिरीत पाझरपाण्याचा संशय आहे, तिचे पाणी उकळूनही पिऊ नये. दुसरी सोय होईपर्यंत ते वापरायलाच ठेवावे.

संशय कसा घ्यावा? ढिगाच्या उताराकडच्या विहिरीचे पाणी खारट होऊ लागले, पिवळसर झाले, त्याला वास येऊ लागला, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना तपासायला पाठवावा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट आणि जंतू पाहतात. त्यात क्लोराइडचा आकडा वर्षावर्षाला चढत असेल, तर ती धोक्याची घंटा समजावी. क्लोराइड ना कुजते, ना मातीला चिकटते. ते पाण्याबरोबर पुढे धावते आणि मागून कोण येत आहे याची वर्दी देते. मग रसायनांची वेगळी तपासणी मागावी. ती नेहमीच्या तपासणीत होत नाही.

आणि आपल्या गावाचा केर कोठे जातो तेही पाहावे. पुष्कळ गावांत तो जुन्या खणीत नाहीतर ओढ्याच्या काठाला पडतो. म्हणजे लहान प्रमाणात तेच चालले आहे. येत्या ग्रामसभेत चार प्रश्न वाचून दाखवा:

केर टाकायच्या जागेपासून सर्वांत जवळची विहीर किती मीटरवर आहे?
ढिगाखालचे पाणी पावसाळ्यात कोणत्या बाजूला वाहते?
त्या बाजूच्या विहिरीचे पाणी शेवटचे कधी तपासले? त्यात क्लोराइड किती निघाले?
घातक केर वेगळा घेण्याची सोय कोणत्या तारखेपासून सुरू होणार?

उत्तरे तोंडी घेऊ नयेत. ती ठरावाच्या वहीत लिहून घ्यावीत आणि सही करण्यापूर्वी वाचून पाहावीत. अक्षरे शिकलो ती अशाच कामासाठी.